शौचातून रक्त जाणारे मूल आणि तीन सोनोग्राफी : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण बावीस महिन्यांच्या एका मुलाचे आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील आणि आकडे किंचित बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. पाच आठवड्यांत या मुलाच्या पोटाची सोनोग्राफी तीन वेळा झाली. पहिली नॉर्मल आली, दुसरीही एका अर्थाने नॉर्मलच होती, आणि तिसरीत रक्तस्रावाचे कारण दिसले. यंत्रांच्या दर्जात सांगण्याजोगा फरक नव्हता. फरक होता तो तपासणीला विचारलेल्या प्रश्नात. दुसरी आणि तिसरी तपासणी मी स्वतः केली असल्यामुळे पुढे जिथे उणीव दाखवली आहे तिथे माझाही वाटा आहे, हे आधीच नोंदवून ठेवते.

पार्श्वभूमी

मूल नऊ महिने भरून जन्मलेले, वजन ११ किलो, वाढ आणि लसीकरण वयाप्रमाणे. आधीचा कोणताही मोठा आजार नाही. एके सकाळी आईला डायपरमध्ये शौचाऐवजी गडद विटकरी रंगाचे, थोडेसे चिकट रक्त दिसले. संध्याकाळपर्यंत तसेच आणखी दोनदा झाले. मुलाला ताप नव्हता, उलटी नव्हती, पोट धरून रडणे नव्हते. ते खेळत होते आणि जेवतही होते. आईने डायपरचे छायाचित्र फोनमध्ये काढून ठेवले होते. या छायाचित्राचे महत्त्व आम्हाला पाच आठवड्यांनी कळले.

शौचातून रक्त जाण्याची कारणे मुलाच्या वयानुसार बदलतात, आणि कुठलीही तपासणी सांगण्याआधी हा वयाचा नकाशा डोळ्यांसमोर असावा लागतो. नवजात बाळात प्रसूतीच्या वेळी गिळलेले आईचे रक्त, जीवनसत्त्व 'के'ची कमतरता, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आतड्यांना होणारा गंभीर दाह आणि आतड्याला पडलेला पीळ यांचा विचार होतो. पहिल्या वर्षात गुदद्वाराची चीर, गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी आणि आतड्यात आतडे शिरणे ही कारणे पुढे येतात. दोन वर्षांच्या आसपास आणि नंतर जंतुसंसर्गामुळे होणारा मोठ्या आतड्याचा दाह, मोठ्या आतड्यातील पॉलिप (अस्तरावर वाढलेली मऊ गाठ), मेकेल्स डायव्हर्टिक्युलम (लहान आतड्याला जन्मतः असलेला पिशवीसारखा फुगवटा), आतड्याची दुहेरी पुटी (आतड्याला लागून जन्मतः असलेली, आतड्यासारख्याच भित्तीची पिशवी) आणि रक्तवाहिन्यांच्या दाहातून होणारा हेनॉक-शोनलाइन पर्प्युरा यांची यादी मनात ठेवावी लागते.

वयाइतकेच महत्त्व रक्ताच्या रंगाला, प्रमाणाला आणि सोबतच्या वेदनेला आहे. शौचाच्या वर लाल रेघ आणि शौच करताना रडणे म्हणजे बहुधा चीर. पॉलिपमध्ये ताजे लाल रक्त अधूनमधून, थोडेथोडे जाते, आणि त्यामुळे हिमोग्लोबिन अचानक कोसळणे विरळा. आव आणि ताप असेल तर संसर्ग. वेदना नाही, रक्त विटकरी किंवा गडद लाल आणि प्रमाण बरेच, हे चित्र मात्र दोन वर्षांच्या मुलात मेकेल्स डायव्हर्टिक्युलमचे नाव घेते, दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत.

पहिली भेट आणि पहिली सोनोग्राफी

त्याच संध्याकाळी पालक मुलाला घेऊन जवळच्या रुग्णालयात गेले. तपासणीत पोट मऊ होते, गुदद्वाराशी चीर नव्हती. हिमोग्लोबिन १०.४ ग्रॅम आले. या वयात हा आकडा रक्तक्षयात मोडतो. पण तो सौम्य वाटला आणि आहारातील लोहाच्या कमतरतेवर त्याची जबाबदारी गेली. शौचाची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी सांगण्यात आली. सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर एवढेच होते : 'पोटाची सोनोग्राफी. शौचातून रक्त.'

अहवालात यकृत, पित्ताशय, प्लीहा, स्वादुपिंडाचा दिसणारा भाग, दोन्ही मूत्रपिंडे आणि मूत्राशय नॉर्मल असल्याचे लिहिले होते. शेवटी दोन वाक्ये होती : 'आतड्यांत वायू जास्त आहे. आतड्याच्या आवरणात काही लहान लसिका ग्रंथी, सर्वांत मोठी ६ मिलिमीटर.'

या दोन वाक्यांवर थांबायला हवे. पोटातील अवयवांची ही तपासणी जशी करायची तशीच केली होती. ज्यांची नावे लिहिली ते अवयव खरोखरच निरोगी होते. पण रक्त ज्या अवयवातून येत होते त्याबद्दल अहवालात 'वायू जास्त आहे' याखेरीज काही नव्हते. याचा खरा अर्थ 'आतडे नीट पाहता आले नाही' असा होतो. पालकांच्या आणि पुढे उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्याही मनात त्याचे रूपांतर 'सोनोग्राफीत काही निघाले नाही' असे झाले. दुसरीकडे, ६ मिलिमीटरच्या लसिका ग्रंथी निरोगी मुलांतही सहज दिसतात. त्यांच्यावरून रक्तस्रावाचे निदान होत नाही. तरीही कागदावर काहीतरी सापडल्याची ती एकमेव नोंद होती, म्हणून संसर्गाच्या निदानाला तिचा आधार मिळाला. आजी नातेवाइकांना 'पोटात गाठी आहेत' असे सांगू लागल्या आणि घरात त्याची वेगळीच धास्ती बसली.

प्रतिजैविक सुरू झाले. तिसऱ्या दिवशी रक्त थांबले आणि निदान बरोबर होते असे सर्वांना वाटले. शौचाच्या तपासणीत जंतू किंवा पांढऱ्या पेशी सापडल्या नव्हत्या, पण रक्त थांबल्यावर त्या कागदाकडे पुन्हा कोणी पाहिले नाही. मेकेल्समधला रक्तस्राव बऱ्याचदा आपोआप थांबतो : रक्त कमी झाले की शरीर आतड्यांकडचा पुरवठा आखडते आणि स्राव बंद होतो. औषध चालू असताना तो थांबला म्हणजे औषधामुळे थांबला, असा समज या आजारात फार सहज होतो.

हा या प्रकरणातला पहिला निर्णयबिंदू. रक्त थांबलेल्या, खेळत्या मुलाला घरी पाठवण्यात चूक नव्हती. पण कारण सापडले नाही हे पालकांना स्पष्ट सांगून आठवड्याभरात हिमोग्लोबिन पुन्हा पाहायला हवे होते.

समस्या : पाच आठवड्यांनंतरची रात्र

पाच आठवड्यांनी, रात्री अकराच्या सुमारास, मूल आमच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात आले. दुपारपासून चार वेळा भरपूर गडद लाल शौच झाली होती. ओठ आणि तळवे पांढुरके पडले होते, हातपाय गार होते. शांत पडलेले असताना नाडी मिनिटाला १६८ होती, रक्तदाब मात्र वयाच्या मानाने ठीक. मुलांमध्ये रक्तदाब शेवटपर्यंत टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो, म्हणून रक्तदाब ठीक असण्यावर कोणी विसावले नाही. दोन शिरांत सलाइन लागले, रक्तगट जुळवायला गेला, आणि हिमोग्लोबिन ६.२ आल्यावर किलोमागे १० मिलिलिटर या हिशेबाने ११० मिलिलिटर लाल पेशी चढवायला सुरुवात झाली. मुलाच्या शरीरात किलोमागे ८० मिलिलिटरच्या आसपास रक्त असते, म्हणजे या मुलात नऊशे मिलिलिटरच्या आत. मोठ्या माणसाला किरकोळ वाटावा इतका स्राव अशा शरीराला झेपत नाही.

रात्री साडेबाराला बालरोगतज्ज्ञांनी मला फोन केला. त्यांचा प्रश्न नेमका होता : 'आतड्यात आतडे शिरले आहे का, एवढे आत्ता सांगा.' वेदना नसल्या तरी हा प्रश्न योग्य होता. हा विकार पाच ते नऊ महिन्यांच्या बाळांत सर्वाधिक दिसत असला तरी दोन-तीन वर्षांपर्यंत होतो, मरगळून पडलेल्या मुलात वेदना ओळखू येत नाहीत, आणि वेळ गेला तर आतडे सडते. सोनोग्राफी या प्रश्नाचे उत्तर फार भरवशाने देते. मोठ्या आतड्याच्या वाटेने प्रोब (यंत्राचा पोटावर टेकवायचा भाग) फिरवत गेले की शिरलेले आतडे आडव्या छेदात एकात एक बसलेल्या वर्तुळांसारखे, साधारण अडीच ते तीन सेंटिमीटर किंवा त्याहून मोठे दिसते, आणि त्याच्या आत आवरणाची चरबी आणि लसिका ग्रंथी ओढल्या गेलेल्या असतात. यापेक्षा लहान, लहान आतड्यातच झालेले आणि डोळ्यांदेखत सुटणारे प्रकार निरोगी मुलांतही दिसतात. त्यांना घाबरायचे नसते.

मी खाटेजवळच बारा मिनिटे तपासले. तसे काही नव्हते. वरच्या पोटातील मुख्य शीर आणि धमनी एकमेकींच्या जागी बरोबर होत्या, त्यांच्याभोवती भोवऱ्यासारखा पीळ नव्हता, म्हणजे आतड्याला पीळ पडल्याचेही चिन्ह नव्हते. आतड्यांत रक्तामुळे द्रव भरलेला दिसत होता. मी लिहिले : 'आतड्यात आतडे शिरलेले नाही. पीळ नाही. आतड्याच्या भित्तीची सविस्तर तपासणी झालेली नाही. मूल स्थिर झाल्यावर ती करावी.' शेवटचे वाक्य लिहिले याचे समाधान आहे. त्या रात्री मी आणखी पंधरा मिनिटे थांबायला हवे होते का, याकडे शेवटी वळते.

विचारात घेतलेले पर्याय

पहाटेपर्यंत नाडी १२० वर आली आणि हिमोग्लोबिन ८.८ झाले. सकाळी बालरोगतज्ज्ञ, बालशल्यचिकित्सक आणि मी एकत्र बसलो. आईने पाच आठवड्यांपूर्वीचे ते छायाचित्र दाखवले. विटकरी रंग आणि आव नसणे पाहून शल्यचिकित्सकांनी मेकेल्सचे नाव घेतले, आणि तिथून चर्चेला दिशा मिळाली.

मेकेल्स डायव्हर्टिक्युलम म्हणजे गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत आतड्याला पीतक पिशवीशी (योक सॅकशी) जोडणारी जी नलिका असते तिचा न विरघळलेला अवशेष. योहान फ्रीडरिश मेकेल यांनी १८०९ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. विद्यार्थी त्याला दोनांच्या नियमाने लक्षात ठेवतात : सुमारे २ टक्के लोकांत असतो, लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यापासून साधारण २ फुटांच्या आत, लांबी सुमारे २ इंच, आणि त्रास दिला तर पुष्कळदा वयाच्या २ वर्षांच्या आत. बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. ज्यांच्या डायव्हर्टिक्युलममध्ये जठराचे अस्तर चुकून वाढलेले असते, त्यांच्यात ते अस्तर आम्ल स्रवते, शेजारच्या आतड्याला या आम्लाची सवय नसल्यामुळे तिथे व्रण पडतो आणि व्रणातून रक्त जाते. वेदना नसताना एवढे रक्त का जाते, याचा उलगडा यात आहे.

पहिला पर्याय दुर्बिणीचा होता, तोंडावाटे आणि गुदद्वारावाटे. व्रण वर असता किंवा पॉलिप असता तर उत्तर तिथेच मिळाले असते आणि पॉलिप काढूनही टाकता आला असता. पण मेकेल्स ज्या भागात असतो तिथे नेहमीच्या दुर्बिणी पोहोचत नाहीत. शिवाय भूल आणि आतडे साफ करण्याची तयारी या मुलाला त्या दिवशी जड गेली असती, आणि रेचकांनी व दुर्बिणीने आतडे चाळवले गेले की पुढच्या आयसोटोप स्कॅनमध्ये खोटे संकेत येऊ शकतात.

दुसरा पर्याय आयसोटोप स्कॅन, म्हणजे टेक्नेशियम-९९एम वापरून जठराचे अस्तर शोधणारी तपासणी. मेकेल्ससाठी ती प्रमाण मानली जाते. ती रक्तस्राव दाखवत नाही, जठराचे अस्तर दाखवते, म्हणून रक्त थांबलेले असतानाही करता येते. अडचण एकच, ती सोय आमच्याकडे नव्हती. मुलाला दुसऱ्या केंद्रात न्यावे लागणार होते. तिसरा, रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन, हा स्राव त्या क्षणी चालू असेल तरच उपयोगाचा, आणि किरणोत्सर्गाची मात्राही मोठी. चौथा, थेट दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. शल्यचिकित्सक त्याला तयार होते, पण एकाही तपासणीचा आधार नसताना पालकांना शस्त्रक्रिया सुचवणे त्यांना जड जात होते. वाट पाहणे हा पर्याय कोणालाच मान्य नव्हता.

सविस्तर सोनोग्राफीबद्दल माझे म्हणणे मी स्पष्ट मांडले. ती बिनकिरणांची आहे, भूल लागत नाही, खाटेजवळ होते आणि तासाभरात करता येते. पण तिच्यात काही दिसले नाही तर मेकेल्स नाही असे म्हणता येणार नाही. कोलमडलेला, दाह नसलेला मेकेल्स आतड्याच्या वळणांत पूर्ण लपतो. म्हणून तपासणीला पाठवण्याआधीच ठरले : दिसले तर स्कॅनला कुठे बघायचे ते कळेल, दिसले नाही तरी स्कॅन होणारच, आणि पुन्हा मोठा स्राव झाला तर स्कॅनची वाट न पाहता शस्त्रक्रिया. कोणत्या उत्तराने आपली पुढची कृती बदलणार आहे हे आधी ठरवलेले असले की उत्तर आल्यावर धावपळ होत नाही.

तिसरी सोनोग्राफी

मुलाला चार तास उपाशी ठेवले होते. जेलची बाटली कोमट पाण्यात ठेवली, खोलीतला दिवा मंद केला आणि आईला मुलासह पलंगावरच झोपवले. गार जेल पोटावर पडले की मूल रडते, रडले की हवा गिळते आणि पोट ताठ करते; मग पुढची वीस मिनिटे वाया जातात. आईच्या दंडावर डोके ठेवून मूल फोनवरचे चित्र पाहत होते, आणि मी प्रोब ठेवलेला त्याच्या लक्षातही आला नसावा.

पोटाच्या अवयवांसाठी वापरतात तो वक्र प्रोब बाजूला ठेवून उच्च वारंवारतेचा सरळ प्रोब घेतला. लहान मुलाचे पोट पातळ असते, आतडे त्वचेखाली दोन-तीन सेंटिमीटरवर असते, आणि या प्रोबने आतड्याच्या भित्तीचे थर वेगवेगळे दिसतात : आतून बाहेर उजळ, काळा, उजळ, काळा, उजळ. वायू असेल तर हळूहळू दाब देत तो बाजूला सारायचा. अपेंडिक्ससाठी ही दाबाची पद्धत ज्युलियन प्यूलार्ट यांनी १९८६ मध्ये मांडली. वायू असल्यामुळे दिसले नाही, असे लिहिण्याआधी हा दाब देऊन पाहिला होता का, असे मी आता प्रत्येक वेळी स्वतःला विचारते.

सुरुवात उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यापासून केली. लहान आणि मोठ्या आतड्याचा सांधा सापडला, अपेंडिक्स सापडले; ते बारीक होते, दाबाने चपटे होत होते. अपेंडिक्स वेगळे ओळखणे आवश्यक होते, कारण एका टोकाला बंद असलेली दुसरी कोणतीही नळी पहिल्या नजरेत अपेंडिक्सच वाटते. मोठ्या आतड्याची भित्ती सगळीकडे ३ मिलिमीटरच्या आत होती आणि पोकळीत गोल गाठ दिसली नाही. पॉलिप असता तर मऊ गोळ्यात बारीक बारीक पुटी आणि देठातून आत शिरणारी रक्तवाहिनी दिसली असती. लहान आतड्याच्या भित्तीत कुठे सूज नव्हती, त्यामुळे पुरळ येण्याआधीच पोटात सुरू झालेल्या हेनॉक-शोनलाइनची शक्यताही मागे पडली.

मग सांध्यापासून लहान आतडे उलट दिशेने, वळणामागून वळण, तपासत गेले. मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे, मूत्राशयाच्या वरच्या टोकाला लागून, एका वळणातून फुटलेली आडवी नळी दिसली. लांबी ३.२ सेंटिमीटर, जाडी ११ मिलिमीटर, एक टोक बंद, दुसरे आतड्यात उघडणारे. भित्ती ४ मिलिमीटर जाड, आतला थर खडबडीत आणि नेहमीपेक्षा जाड, डॉपलरवर रक्तप्रवाह स्पष्ट वाढलेला. शेजारचे आतडे दर काही सेकंदांनी आकुंचन पावत होते. ही नळी मात्र तशीच पडून होती आणि दाबाने चपटी होत नव्हती. मी पाच मिनिटे हात न हलवता पाहत राहिले, कारण आतड्याचेच एखादे वळण असते तर एवढ्या वेळात त्याने आकार बदलला असता.

दुहेरी पुटीचा विचार केला. तिलाही आतड्यासारखीच थरांची भित्ती असते, पण ती बहुधा द्रवाने भरलेली बंद पिशवी असते आणि आतड्याच्या आवरणाच्या बाजूला असते. मेकेल्स त्याच्या विरुद्ध बाजूने फुटतो. इथे पोकळी आतड्याला जोडलेली दिसत होती. अहवालात लिहिले : 'दाह झालेला मेकेल्स डायव्हर्टिक्युलम असण्याची शक्यता बरीच. जागा : मूत्राशयाच्या वर, मध्यरेषेच्या उजवीकडे. स्कॅन करताना मूत्राशय रिकामे असावे.'

कृती : स्कॅन आणि त्यापुढचा निर्णय

दुसऱ्या दिवशी, आम्लस्राव कमी करणारे औषध देऊन, मुलाला डॉक्टर सोबत पाठवून स्कॅनसाठी नेले. हे औषध टेक्नेशियमला जठराच्या अस्तरातच धरून ठेवायला मदत करते, म्हणून ते आधी देतात. दुपारी तिथल्या डॉक्टरांचा फोन आला : पोटात जठर आणि मूत्राशय सोडून कुठे वेगळा साठा दिसत नाही. स्कॅन 'निगेटिव्ह' म्हणून बंद करण्याच्या बेतात होते. शल्यचिकित्सकांनी सोनोग्राफीच्या अहवालातील जागा वाचून दाखवली आणि मूत्राशय रिकामे करून, बाजूनेही पुन्हा प्रतिमा घेण्याची विनंती केली. मूत्रातून बाहेर पडणारे टेक्नेशियम मूत्राशयात साठते आणि त्याच्या झळाळीत शेजारचा छोटा ठिपका बुडून जातो, ही या तपासणीची माहीत असलेली अडचण आहे. मूत्राशय रिकामे झाल्यावर त्याच्या वर एक फिकट ठिपका राहिला. 'संशयास्पद' असा शेरा मिळाला.

संशयास्पद म्हणजे काय समजायचे, यावर संध्याकाळी पुन्हा चर्चा झाली. फक्त स्कॅन असता तर आम्ही तो पुन्हा केला असता. फक्त सोनोग्राफी असती तर पालकांना समजावणे कठीण गेले असते. दोन वेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या तपासण्या एकाच जागेकडे बोट दाखवत होत्या, आणि मुलाचा इतिहास त्यांच्याशी जुळत होता. वडिलांनी विचारले, 'डॉक्टर, पोट उघडल्यावर तिथे काही नसलं तर?' शल्यचिकित्सकांनी ती शक्यता नाकारली नाही. छोट्या छिद्रांतून पाहून सुरुवात करू, काही सापडले नाही तर मोठे काही न कापता बाहेर येऊ, आणि तरीही आता वाट पाहण्याचा धोका शस्त्रक्रियेपेक्षा जास्त आहे, एवढे त्यांनी सांगितले. वडिलांनी संमती दिली.

निष्पत्ती

तिसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया झाली. बेंबीतून दुर्बीण घालताच सांध्यापासून ४५ सेंटिमीटरवर डायव्हर्टिक्युलम दिसला. तळाशी शेजारच्या आतड्यात कडकपणा जाणवत होता. व्रण बऱ्याचदा डायव्हर्टिक्युलममध्ये नसून त्याच्या बुडाशी आतड्यात असतो, म्हणून नुसता फुगवटा न कापता आतड्याचा छोटा तुकडा काढून टोके जोडली. प्रयोगशाळेच्या अहवालात डायव्हर्टिक्युलममध्ये जठराचे अस्तर आणि लगतच्या आतड्यात ६ मिलिमीटरचा व्रण असल्याचे आले. पाचव्या दिवशी मूल घरी गेले. तीन महिन्यांनी, लोहाच्या औषधावर, हिमोग्लोबिन ११.९ होते आणि पुन्हा रक्त गेलेले नव्हते.

काय वेगळे करता आले असते

पहिल्या चिठ्ठीवर आणखी एक ओळ हवी होती : 'बावीस महिने, वेदनारहित, विटकरी रक्त, मेकेल्स, पॉलिप किंवा आतड्यात शिरलेले आतडे आहे का?' ही ओळ वाचून तपासणारा वक्र प्रोबऐवजी सरळ प्रोब हातात घेतो, यकृतावरचा वेळ आतड्याला देतो. ती ओळ असती तर मेकेल्स तेव्हाच दिसला असता असे छातीठोक म्हणता येणार नाही, कारण त्या वेळी दाह कमी असू शकतो. पण अहवाल 'आतडे पाहिले, काही दिसले नाही' किंवा 'आतडे पाहता आले नाही' यांपैकी नक्की एक झाला असता, आणि या दोन वाक्यांवरून पुढचे उपचार वेगळे ठरतात.

अहवाल लिहिणाऱ्यांच्या, म्हणजे आमच्या, बाजूनेही बदल हवा. आमच्या विभागात आता शौचातून रक्त जाणाऱ्या मुलाच्या अहवालात आतड्याचा वेगळा परिच्छेद असतो : कोणता प्रोब, कुठपासून कुठपर्यंत पाहिले, भित्तीची जाडी, अपेंडिक्स दिसले की नाही, आणि काय दिसू शकले नाही. लहान लसिका ग्रंथी नोंदवायच्या असतील तर त्या या वयात स्वाभाविक असल्याचे सोबत लिहायचे. गाठी या एका शब्दाने आजींच्या पाच आठवड्यांच्या रात्री खराब केल्या होत्या.

पहिल्या वेळचे १०.४ हे हिमोग्लोबिन पुन्हा पाहायला हवे होते. अचानक रक्त गेल्यावर पहिल्या काही तासांत हा आकडा खरा तोटा दाखवत नाही. शरीरातील द्रव रक्तात येऊन ते पातळ झाल्यावरच तो खाली येतो. दुसऱ्या दिवशीचा किंवा आठवड्यानंतरचा आकडा बहुधा नऊच्या आत असता आणि संसर्गाच्या निदानावर कोणीतरी शंका घेतली असती.

राहिली ती माझी रात्रीची तपासणी. मला विचारलेला प्रश्न मी सोडवला आणि थांबले. मूल गार पडलेले होते, परिचारिका शीर धरून बसली होती, आणि प्रोबने पोट दाबत अर्धा तास घालवणे त्या वेळी योग्य वाटले नाही. शल्यचिकित्सकांचे मत वेगळे आहे : दुसरा स्राव पहाटेच सुरू झाला असता तर त्यांना स्कॅनशिवाय, माझ्या सविस्तर तपासणीशिवाय आत शिरावे लागले असते, आणि ती जागा आधी माहीत असती तर शस्त्रक्रिया सोपी गेली असती. त्यांचे म्हणणे मला पटते. रक्त चढायला सुरुवात झाल्यावर, नाडी १४० च्या खाली आल्यावर, म्हणजे साधारण पहाटे चारला, मी परत जाऊ शकले असते. आता अशा मुलाच्या बाबतीत रात्रीच्या अहवालात 'मूल स्थिर झाल्यावर' असे न लिहिता मी पुन्हा येण्याची वेळ लिहिते.